स्वित्झर्लंडला गेलात तर बसमधून उतरा

एप्रिल-मे आला की मुंबई-पुण्याहून युरोपच्या सहली निघतात आणि त्यातल्या बहुतेक सहलींत स्वित्झर्लंड असतंच. तीन रात्री, फार तर चार. हे सगळे दिवस आपली माणसं काचबंद एसी बसमध्ये बसून काढतात. सकाळी हॉटेलच्या दारात बस, दुपारी धबधब्यापाशी बस, रात्री भारतीय जेवण मिळतं तिथे बस. रेल्वेसाठी जग ज्या देशाचं नाव घेतं, तो देश आपण हायवेवरून बघून येतो! मला याचा मनापासून राग येतो. जाणाऱ्यांवर नाही. वर्षानुवर्षं पैसे बाजूला टाकून, निवृत्तीनंतर एकदाच जाणारी ती माणसं आहेत. त्यांच्या पैशाचं चीज होत नाही, याचा राग येतो.

एक गाडी मात्र या सहलींत हमखास असते, युंगफ्राउयोखची. ब्रोशरवर तिचाच फोटो, परत आल्यावर नातेवाइकांना दाखवायलाही तिचाच फोटो. त्या रेल्वेबद्दल वाकडा शब्द काढायची माझी इच्छा नाही. आडोल्फ गुयर-त्सेलर नावाच्या उद्योगपतीने 1893 साली ही कल्पना काढली, 1896 मध्ये काम सुरू झालं, 1899 मध्ये तो वारला. त्याच्यामागे लोकांनी काम नेटाने चालू ठेवलं. आयगर आणि म्योंख हे दोन पहाड आतून पोखरत, सुरुंग लावत, मुख्यतः इटालियन मजुरांनी 1 ऑगस्ट 1912 रोजी गाडी 3454 मीटरवर पोचवली. सोळा वर्षं लागली, माणसं मेली. युरोपात याहून उंच स्टेशन नाही.

पण प्रवासी म्हणून हिशेब मांडा. आयगरग्लेचर सुटलं की गाडी बोगद्यात शिरते आणि पुढचा सात किलोमीटरचा सगळा चढ अंधारात होतो. वर पोचल्यावर आभाळ मोकळं असेल तर डोळ्यांचं पारणं फिटतं. ढग असतील तर चारी बाजूंना पांढरी भिंत आणि विरळ हवेने धरलेलं डोकं. इंटरलाकेनहून जाऊन-येऊन पूर्ण भाड्याचं तिकीट दोनशे फ्रँकच्या वर जातं. तिथला माणूस सकाळी उठून शिखरावरच्या कॅमेऱ्याचं चित्र बघतो, आभाळ स्वच्छ असेल तर निघतो, नाहीतर तळ्याकाठी फिरायला जातो. आपल्या ग्रुपची तारीख कित्येक महिने आधी इथल्या ऑफिसात ठरलेली असते. पाऊस असो, धुकं असो, वर जायचंच. मग स्वित्झर्लंडच्या रेल्वेतला आपला एकमेव प्रवास म्हणजे जाताना एक बोगदा आणि येताना तोच बोगदा.

एका सहल कंपनीच्या काउंटरवरचा संवाद माझ्या कानांवर पडलेला आहे. साठीच्या एक बाई विचारत होत्या, "अरे, तिथल्या रेल्वेने नाही का फिरवत तुम्ही? माझी भाची सांगत होती, फार छान असते म्हणून." पलीकडचा मुलगा अगदी अदबीने म्हणाला, "काकू, ट्रेनमध्ये सामान तुम्हाला उचलावं लागेल हो. गाडी चुकली तर? आपली बस चोवीस तास तुमच्याबरोबर आहे ना." काकू गप्प झाल्या. मुलाचा त्यात दोष नव्हता, त्याला पढवलं होतं तेच तो बोलला. पण त्या दोन वाक्यांनी काकूंच्या हातून काय गेलं, ते सांगायला मी हे लिहितेय.

"गाडी चुकली तर?" हा प्रश्न ज्या देशात सगळ्यात कमी भीतीने विचारावा, तो हा देश. चुकली तर पुढची येते. डोंगरातल्या छोट्या स्टेशनावरही बहुतेक ठिकाणी तासाभरात, त्याच मिनिटाला. नऊ वाजून आठ मिनिटांची गेली तर दहा वाजून आठ मिनिटांची आहे, नंतर अकरा वाजून आठ. 1982 च्या मे महिन्यात स्विस लोकांनी सगळ्या देशाचं वेळापत्रक या एका सूत्रात ओवलं. पुढे त्यांनी आणखी खोल विचार केला आणि त्याचं मला आजही अप्रूप वाटतं. गाडी जास्तीत जास्त किती वेगाने पळेल, असं त्यांनी विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, ती किती वेळात पोचली म्हणजे पुढची गाडी मिळेल?

झ्युरिक ते बर्न हेच घ्या. पूर्वी या प्रवासाला तासापेक्षा थोडा जास्त वेळ लागायचा. मोठ्या जंक्शनवर तासाच्या ठोक्याच्या जरा आधी चारी दिशांच्या गाड्या आत याव्यात, माणसांनी दोन-चार मिनिटांत गाड्या बदलाव्यात आणि ठोका पडून गेल्यावर सगळ्या गाड्या बाहेर पडाव्यात, अशी ही रचना. ती जमायची तर झ्युरिक-बर्न तासाच्या आत बसवायला हवं. मग जेवढी मिनिटं काढायची होती, तेवढ्यापुरता नवा मार्ग बांधला आणि डिसेंबर 2004 पासून तो प्रवास 56 मिनिटांवर आणला. 40 मिनिटांवर आणायच्या फंदात कोणी पडलं नाही. ताशी तीनशे किलोमीटरची फुशारकी नाही. उरलेली चार मिनिटं म्हणजे काका-काकूंना एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर जायला दिलेला वेळ आहे.

याची खरी गंमत डोंगराच्या पायथ्याशी कळते. कूरच्या स्टेशनात झ्युरिकहून गाडी येते आणि वर डोंगरात जाणारी मीटर गेजची लाल गाडी सुटायच्या तयारीत असते. पुढे एखाद्या लहान स्टेशनावर उतरलात की बाहेर पिवळी पोस्टबस उभी. रेल्वेची माणसं बाहेर आली, चढली, की ती निघते आणि वळणावळणांनी शेवटच्या वाडीपर्यंत जाते. 2024 साली तिथल्या दर शंभर रेल्वे प्रवाशांपैकी 93 जण वेळेवर पोचले आणि तीन मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला की ती गाडी तिथे उशिराच धरतात.

आता ज्या गाडीसाठी हे सगळं लिहायला घेतलं तिच्याकडे येते. सेंट मॉरिट्झहून इटलीतल्या तिरानोला जाणारी बर्निनाची पॅसेंजर.

मार्ग 61 किलोमीटरचा, 1910 मध्ये पूर्ण झालेला, 2008 पासून आल्बुला मार्गाच्या जोडीने जागतिक वारशाच्या यादीत. 2253 मीटरवरच्या ओस्पित्सिओ बर्निना स्टेशनापर्यंत चढायचं आणि तिथून 429 मीटरवरच्या तिरानोला उतरायचं. चढ काही ठिकाणी शंभर मीटरला सात मीटर. तरी दातेरी रूळ नाही, नुसत्या चाकांच्या पकडीवर गाडी हा डोंगर चढते. या मार्गावर 'बर्निना एक्स्प्रेस' नावाची काचेच्या छताची पर्यटक गाडी आहे. तिला आरक्षण सक्तीचं आणि त्याचे पैसे वेगळे. त्याच रुळांवरून, त्याच पुलांवरून, त्याच हिमनदीसमोरून साधी पॅसेंजर जवळजवळ दर तासाला जाते. तिला आरक्षण नाही, जादा पैसे नाहीत. मन होईल तिथे उतरायचं, पुढची पकडायची. जुने डबे लागले असतील तर खिडकी खाली ओढता येते आणि चीडच्या राळेचा वास थेट आत येतो. काचेच्या डब्यात हा वास येत नाही आणि फोटोत समोरच्या प्रवाशाच्या टोपीचं प्रतिबिंब येतं. जास्त पैसे भरून कमी मिळवायचं, याला काय अर्थ आहे?

या पॅसेंजरमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे दाराजवळचं एक बटण. मार्गावरची कित्येक स्टेशनं अशी आहेत की कोणी मागितलं तरच गाडी थांबते. उतरायचं असेल तर डब्यातलं बटण दाबायचं, चढायचं असेल तर फलाटावरचं. माझ्या समोरच्या बाकावर पाठीला पिशवी लावलेल्या, काठी घेतलेल्या एक आजी बसल्या होत्या. बर्निना सूओत जवळ आलं तसं त्यांनी हात लांब करून बटण दाबलं. गाडी थांबली, आजी सावकाश उतरल्या, काठी टेकली, गाडी सुटली. ना घरं धड दिसत होती, ना फलाट म्हणावा असा फलाट. एका म्हाताऱ्या बाईसाठी अख्खी गाडी थांबली आणि डब्यातल्या कोणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. इकडे मला मात्र गहिवरून आलं. बर्फ हिमालयातही आहे, इथल्याहून उंच आहे. डोंगरातल्या एकट्या माणसाचा असा मान राखणारी रेल्वे बघायला इतक्या लांब यावं, असं मला वाटतं.

याच मार्गावर मोर्तेराच स्टेशन आहे. तिथे उतराच. काचेच्या गाडीतले लोक समोरून निघून जातात, त्यांना उतरता येत नाही. स्टेशनापासून एक सपाट पायवाट हिमनदीकडे जाते आणि वाटेत ठरावीक अंतरांवर सालांच्या पाट्या आहेत. त्या त्या साली हिमनदीचं तोंड तिथे होतं. रेल्वे बांधली तेव्हा बर्फ स्टेशनाच्या अगदी जवळ होता. आता तासभर चालावं लागतं आणि शेवटच्या पाट्यांमधलं अंतर वाढत गेलेलं दिसतं. मुलांना घेऊन जात असाल तर तापमानवाढीवरचा कुठलाही धडा या वाटेइतका त्यांना पटणार नाही. आपण विमानाचं इंधन जाळत इथे आलोय, याचाही विचार त्या पाट्यांमधून चालताना करावा लागतो, आणि तो करावा.

तिथून पुढची गाडी धरली की दोन तळी लागतात, एक काळं आणि एक पांढरं. काळ्यातलं पाणी डॅन्यूबमार्गे काळ्या समुद्राला जातं, पांढऱ्यातलं पो नदीतून एड्रियाटिकला. मग आल्प ग्र्यूमला गाडी कड्यावर येते आणि खाली पोस्कियावोचं खोरं उघडतं. पुढे ले प्रेझे गावात रूळ चक्क रस्त्यातून जातात, गाडी दुकानांच्या समोरून हळूहळू सरकते. आणि ब्रुसिओला नऊ कमानींचा गोल पूल येतो. उंची एकदम कमी करायची म्हणून गाडी त्यावरून पूर्ण वळसा घेते आणि स्वतःच्याच पुलाखालून निघून जाते. खिडकीतून बघितलंत तर आपल्याच गाडीचे पुढचे डबे खाली वळताना दिसतात. मी लहान मुलासारखी उभी राहून बघत होते.

'ग्लेशियर एक्स्प्रेस'बद्दल थोडक्यात. त्सेरमाट ते सेंट मॉरिट्झ, साधारण आठ तास, 291 पूल, 91 बोगदे. 1930 पासून चालणारी, नावाजलेली गाडी आहे आणि ज्यांना एकाच जागी बसून, जागेवर जेवण घेत जायचंय त्यांनी जरूर जावं, गुडघे दुखणाऱ्यांची ती सोय आहे. बाकीच्यांनी त्याच मार्गाने साध्या गाड्यांतून, तीन-चार ठिकाणी बदलत जावं. आंडरमाटला उतरून कॉफी घ्यावी. डिझेंटिसला मठ बघावा. मधल्या गावात शाळा सुटलेली असते, पोरं दप्तरं घेऊन डब्यात घुसतात, दोन स्टेशनं दंगा करतात आणि उतरतात. देश असा कळतो.

गॉटहार्डच्या जुन्या मार्गाबद्दल मात्र थोडक्यात सांगून भागणार नाही. आता मिलानला जाणाऱ्या जलद गाड्या 1 जून 2016 ला उद्घाटन झालेल्या 57 किलोमीटरच्या खालच्या बोगद्यातून जातात. जगातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा, वीसेक मिनिटं अंधार. पण 1882 चा जुना घाटमार्ग स्विस लोकांनी उखडला नाही. त्यावरून अजून साधी गाडी जाते आणि तुम्ही पर्यटक असाल तर तीच तुमची गाडी. डोंगराच्या पोटात गोल वळसे घेत ती चढते, त्यामुळे वासेन गावचं पांढरं चर्च एकदा वर दिसतं, एकदा समोर, एकदा खाली. 10 ऑगस्ट 2023 रोजी नव्या बोगद्यात मालगाडीचं चाक तुटून डबे घसरले आणि रुळांची पार वाट लागली. तो बोगदा पूर्ववत सुरू व्हायला सप्टेंबर 2024 उजाडलं. तोवर प्रवासी गाड्यांना याच म्हाताऱ्या घाटाने तारलं. जुनं म्हणून मोडीत काढलं नव्हतं, त्याचा उपयोग झाला.

या घाटमार्गावरचा जुना 15 किलोमीटरचा बोगदा खणताना सुमारे दोनशे मजूर मेले. लुई फाव्र हा त्याचा कंत्राटदार 1879 मध्ये बोगद्यातच कोसळून गेला. बोगद्याच्या एका टोकाला, गोशेनेनला, 1875 साली मजुरांनी संप केला तेव्हा त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, चार जण ठार झाले. पलीकडच्या टोकाला आइरोलो स्टेशनाजवळ या मजुरांचं ब्राँझमधलं शिल्प आहे. व्हिन्चेन्त्सो व्हेलाने घडवलेलं, मेलेल्या सोबत्याला स्ट्रेचरवरून नेणारी माणसं. गाडीतून उतरून बघण्यासारखी ती जागा आहे. तिथे मला आपला बोरघाट आठवला. गॉटहार्डच्या 19 वर्षं आधी, 1863 मध्ये, आपल्या घाटातून गाडी चढली. चढ 37 ला 1, म्हणजे जवळजवळ गॉटहार्डइतकाच. इथे तर मजूर हजारोंनी मेले, कित्येक कॉलऱ्याने. कर्जतला मागून जादा इंजिनं लागतात तेव्हा गाडीतल्या एकालाही ती माणसं आठवत नाहीत, कारण आपण ती कोणाला सांगितलीच नाहीत. मंकी हिल सगळ्यांना माहीत आहे, ते मजूर कोणाला माहीत नाहीत.

लोक म्हणतात, स्वित्झर्लंड श्रीमंत आहे, त्यांना काय! त्यांना जमलं कारण त्यांनी मतं दिली. खाजगी कंपन्यांच्या रेल्वे देशाच्या मालकीच्या कराव्यात, हे 1898 मध्ये जनमताने ठरलं आणि 1902 मध्ये सरकारी रेल्वे उभी राहिली. वेळापत्रकाची मोठी योजना 1987 मध्ये लोकांपुढे मतासाठी आली. आल्प्सखालचे बोगदे 1992 मध्ये. त्यांचे पैसे कुठून उभे करायचे, हे 1998 मध्ये. देखभाल आणि विस्ताराचा निधी 2014 मध्ये. दर वेळी लोकांनी होकार दिला. बोगद्यांसाठी मोठ्या ट्रकांवर अंतरानुसार कर बसवला, तोही मत घेऊन. ज्या डोंगरी मार्गांवर तिकिटाच्या पैशातून खर्च भागत नाही, तिथे राज्य आणि केंद्र मिळून भर घालतात. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, तेव्हा त्यांनी आपल्या धबधब्यांवर वीज करून गाड्या चालवायला घेतल्या. श्रीमंती यातून आली, नंतर आली.

सिनेमाचं नाव घेतल्याशिवाय आपल्याला स्वित्झर्लंडबद्दल बोलता येत नाही, म्हणून तेही बोलते. यश चोप्रांचा पुतळा इंटरलाकेनला 2016 पासून आहे, आपल्या बसगाड्या तिथे आवर्जून थांबतात. पण 1995 च्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'मध्ये राज आणि सिमरन युरोप बघायला कशाने निघतात? रेल्वेने! तिकडे त्यांची गाडी चुकते म्हणून तर गोष्ट घडते. आणि शेवटी तिचा हात सुटतो, ती धावते, ते स्टेशन आपलं रायगड जिल्ह्यातलं आपटा. ज्या सिनेमाने दोन पिढ्यांना तिथे जायचं वेड लावलं तो अथपासून इतिपर्यंत रेल्वेचा सिनेमा आहे, आणि त्याच्या वेडापायी गेलेल्यांना आपण बसमध्ये कोंबतो.

आता अडचणी, कारण त्या खऱ्या आहेत. पहिली पैशांची. पासचा खर्च ग्रुपच्या बसपेक्षा जास्त येतो, यात शंका नाही. मग एक देश कमी करा. दहा दिवसांत पाच देश बघून काय हाती लागतं? दोनच बघा, पण बघा. 'स्विस ट्रॅव्हल पास'मध्ये गाड्या, पोस्टबस, तळ्यांतल्या बोटी आणि शेकडो संग्रहालयं येतात. आईवडिलांबरोबर सोळा वर्षांखालची मुलं फॅमिली कार्डावर फुकट. ते कार्ड आठवणीने मागून घ्या. पुष्कळ एजंट आपणहून सांगत नाहीत.

दुसरी अडचण सामानाची. चार भल्याथोरल्या बॅगा घेऊन रेल्वेने फिरता येत नाही, बरोबर. दोन गावी मुक्काम ठेवा, रोज सकाळी रिकाम्या हाताने निघा, संध्याकाळी परत या. मोठी बॅग एका स्टेशनावरून दुसऱ्या स्टेशनावर पाठवायची सोयही आहे. नव्या गाड्यांची दारं फलाटाच्या पातळीत असतात, आजींना पाय उंच टाकावा लागत नाही. बसच्या पायऱ्या त्याहून चढणीच्या असतात.

तिसरी खाण्याची. गाडीत खायला कोणी मनाई करत नाही. दशम्या, तिळाची चटणी, चिवडा खुशाल न्या. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, नळाचं पाणी पिण्याजोगं असतं. फक्त डबा आपल्या दिवाणखान्यासारखा वापरू नका. एका टोकाच्या मामांनी दुसऱ्या टोकाच्या मावशींना "चिवडा कुणाकडेय गं?" असं ओरडून विचारायचं नाही. फोन स्पीकरवर टाकून पुण्याच्या सुनेशी बोलायचं नाही. त्या डब्यात कामावरून घरी चाललेली माणसं बसलेली असतात. आपण त्यांच्या रोजच्या गाडीत पाहुणे आहोत.

परत आल्यावर कोकण रेल्वेने एकदा जा आणि रत्नागिरीजवळ पानवलचा पूल येईल तेव्हा खाली बघा. उंची 64 मीटर. स्विस आल्प्सच्या प्रत्येक पोस्टरवर जो लांडवासरचा कमानी पूल असतो तो 65 मीटर. ई. श्रीधरन आणि त्यांच्या माणसांनी सह्याद्रीच्या ठिसूळ मातीत, कोसळत्या दरडींत, मुसळधार पावसात जे बांधलं ते कशानेही कमी नाही. इंजिनिअरिंगमध्ये आपण मार खाल्लेला नाही. आपण मार खातो तो साध्या गाडीच्या बाबतीत. 'डेक्कन एक्स्प्रेस'ला 2021 मध्ये काचेच्या छताचा डबा लागला, छान झालं, मीही बसेन. पण कोकणातली पॅसेंजर क्रॉसिंगला बाजूच्या रुळावर उभी राहते, जलद गाडी जाते, मग आणखी एक जाते, आणि डब्यातल्या बाईच्या मांडीवरचं मूल रडून रडून झोपी जातं. मार्ग एकेरी आहे म्हणून, असं उत्तर मिळतं. बर्निनाचा मार्गही बहुतेक एकेरीच आहे. तिथेही क्रॉसिंग असतं. दोन्ही गाड्या ठरल्या स्टेशनावर ठरल्या मिनिटाला समोरासमोर येतात आणि पुढे जातात. आपल्या मार्गावर मालगाड्या आहेत, लांब पल्ल्याच्या गाड्या आहेत, गणपतीची तुडुंब गर्दी आहे, हे सगळं मान्य. तरी दर वेळी पॅसेंजरनेच का थांबायचं, हा प्रश्न उरतोच आणि तो विचारायचं धाडस मला त्या लाल गाडीत बसल्यावर आलं.

तर या वर्षी जाणार असाल, तर कंपनीच्या माणसाला स्पष्ट विचारा, सहलीत साध्या रेल्वेचे दिवस किती? एकही नसेल तर दुसरीकडे जा, किंवा स्वतः तिकीट काढा, इंग्रजीवर भागतं. बर्निनासाठी एक अख्खा दिवस मोकळा ठेवा. सेंट मॉरिट्झहून सकाळी लवकरची पॅसेंजर पकडा आणि उजव्या हाताच्या खिडकीशी बसा, हिमनदी, तळं आणि ब्रुसिओचा पूल त्याच बाजूला येतात. तिरानोपर्यंत पास चालतो. तिथे कुट्टूच्या पिठाच्या, बटाटा-कोबी-चीज घातलेल्या शेवया मिळतात, शाकाहारी माणसाचंही पोट भरतं. पासपोर्ट जवळ ठेवा, कारण तिरानो इटलीत आहे. जेवून परतीची गाडी घ्या, तेव्हा डावीकडे बसा.